सांगोला विधानसभा मतदारसंघ (क्रमांक २५३): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाविषयी आमच्याकडे वर्षभर प्रश्न येत असतात आणि निवडणूक जवळ आली की त्यांना ऊत येतो. त्यातले बरेचसे प्रश्न येथून ११ वेळा निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते गणपतराव देशमुख यांच्या विजयांच्या आकड्याभोवती फिरतात, काही भाळवणी भागातील मतदारांचे असतात, तर काही कायद्याच्या खाचाखोचांचे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसरीकडे केला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाव सांगोला की सांगोले? मतदार यादीत वेगळेच दिसते.

दोन्ही नावे एकाच मतदारसंघाची आहेत. बोलताना, वर्तमानपत्रांत आणि एसटीच्या पाटीवर सांगोला असते. निवडणूक आयोगाच्या यादीत मात्र २५३ – सांगोले अशी नोंद आहे. ‘सांगोल्याचा’, ‘सांगोल्यात’ ही रूपे दोन्हींची सारखीच होत असल्याने बोलण्यात हा फरक जाणवतही नाही. संकेतस्थळावर यादी किंवा निकाल शोधताना सांगोला लिहून काही सापडले नाही, तर सांगोले लिहून पाहावे किंवा सरळ २५३ हा क्रमांक वापरावा.

२. या मतदारसंघात नेमका कोणता भाग येतो?

२००८ साली अमलात आलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेनुसार संपूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातील भाळवणी महसूल मंडळ मिळून हा मतदारसंघ होतो. सोलापूर जिल्ह्यातील विधानसभेच्या ११ जागांपैकी ही एक असून जिल्ह्याचे मतदारसंघ २४४ (करमाळा) ते २५४ (माळशिरस) या क्रमाने येतात. पश्चिमेला सांगली जिल्ह्यातील आटपाडी, दक्षिणेला जत, पूर्वेला मंगळवेढा आणि उत्तरेला पंढरपूर व माळशिरस असा हा पट्टा आहे. माणदेश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कमी पावसाच्या प्रदेशाचा तो भाग आहे आणि माण नदी त्यातूनच वाहत पुढे भीमेला मिळते. ‘वाहत’ हा शब्द येथे पावसाळ्यापुरता घ्यावा, कारण वर्षातील बरेच महिने या नदीत वाळूच दिसते. या मतदारसंघाचे राजकारण समजून घ्यायचे तर ती कोरडी नदी आधी लक्षात ठेवावी लागते (प्रश्न १२ पाहा).

३. आमचा तालुका पंढरपूर, आम्ही विठोबाच्या गावाला रोज जातो, मग आमचा आमदार सांगोल्याचा कसा?

भाळवणी मंडळातील मतदारांचा हा प्रश्न दर निवडणुकीला येतो आणि त्यामागची चिडचिड अगदी रास्त आहे. मतदानाच्या आधी घरी येणाऱ्या चिठ्ठीवर वर २५३ – सांगोले छापलेले असते आणि स्वतःचा तालुका मात्र पंढरपूर असतो. चिठ्ठी चुकीची आली असे वाटून ती परत करायला निघालेले लोक आम्ही पाहिले आहेत. चिठ्ठी बरोबरच असते. लोकसंख्या शक्य तितकी समान राखण्यासाठी पुनर्रचनेत मतदारसंघाची हद्द तालुक्याच्या हद्दीला ओलांडून जाऊ शकते. पंढरपूर तालुका तर अनेक मतदारसंघांत वाटला गेला आहे: मोठा भाग मंगळवेढ्यासह पंढरपूर मतदारसंघात, करकंब परिसर माढा मतदारसंघात आणि भाळवणी परिसर सांगोल्यात.

व्यवहारात याचा अर्थ असा की सातबारा, दाखले, पंचायत समिती यांची कामे पंढरपुरातच होतात, परंतु विधानसभेत तुमचा प्रश्न मांडण्याची जबाबदारी सांगोल्याच्या आमदारावर असते. अर्ज करताना गावापुढे तालुका पंढरपूर आणि विधानसभा मतदारसंघ सांगोला असे दोन्ही लिहावे. कागद दोन कार्यालयांमध्ये फिरत राहण्याचे प्रकार त्यामुळे बरेच कमी होतात. ही भाळवणी सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील भाळवणीहून वेगळी आहे, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

४. ही जागा कधी राखीव होती का?

सांगोला ही सर्वसाधारण जागा आहे. सध्याच्या रचनेत सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ आणि माळशिरस या दोन जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. लोकसभेची पूर्वीची पंढरपूर ही जागा राखीव होती आणि सांगोला तिच्यात येत असे. विधानसभेची जागाही राखीव होती, या गोंधळाचे मूळ बहुधा तेथे आहे (प्रश्न १५ पाहा).

५. १९६२ पासून येथून कोण कोण निवडून आले?

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले आणि राज्याची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. म्हणून हा आढावा तेथून सुरू केला आहे. १९६२ आणि १९६७ या दोन्ही निवडणुका शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख यांनी जिंकल्या. १९७२ साली काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा गणपतराव आले आणि त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ व १९९० अशा सलग चार सार्वत्रिक निवडणुकांत त्यांनी जागा राखली. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील विजयी झाले. १९९९, २००४, २००९ आणि २०१४ या चार निवडणुका पुन्हा गणपतरावांच्या. २०१९ मध्ये शहाजीबापू पाटील शिवसेनेकडून निवडून आले आणि २०२४ मध्ये शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी त्यांचा पराभव केला.

म्हणजे साठहून अधिक वर्षांत या जागेवर केवळ चार व्यक्ती निवडून आल्या आहेत. महाराष्ट्रात असे मतदारसंघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतील.

६. गणपतराव देशमुख सलग ५५ वर्षे आमदार होते, हे खरे का?

हे अर्धवट खरे आहे, आणि चांगल्या हेतूने का होईना, ते चुकीचे लिहिले जाते. ते ११ वेळा निवडून आले, हे निर्विवाद आहे: १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. परंतु हा कार्यकाळ सलग नव्हता. १९७२ ते १९७४ आणि १९९५ ते १९९९ या काळात ते विधानसभेचे सदस्य नव्हते. १९८० साली तर फेब्रुवारीत विधानसभाच बरखास्त झाली आणि जूनपर्यंत राज्यात कोणीही आमदार नव्हता. हे खंड वजा केले तर प्रत्यक्ष सदस्यत्वाची वर्षे पन्नासच्या आसपास भरतात. पन्नास वर्षे हा आकडा स्वतःच इतका मोठा आहे की त्यात आणखी पाच घालून तो फुगवण्याची गरज नाही.

आम्ही या दुरुस्तीचा आग्रह धरतो त्याला कारण आहे. ‘सलग’ म्हटले की १९७२ आणि १९९५ साली सांगोल्याच्या मतदारांनी दिलेला कौल पुसला जातो. याच लोकांनी त्यांना दोनदा घरी बसवले आणि याच लोकांनी पुन्हा बोलावले. त्यांच्या कारकिर्दीचे मोल या येण्याजाण्यातच अधिक दिसते.

७. १९७२ ला पराभव झाला, तर १९७४ मध्ये ते आमदार कसे झाले? आणि ती पोटनिवडणूक ११ मध्ये धरायची का?

१९७२ च्या निवडणुकीत विजयी झालेले काकासाहेब साळुंखे-पाटील यांचे निधन झाल्याने जागा रिकामी झाली आणि १९७४ मध्ये पोटनिवडणूक घेण्यात आली. ती गणपतरावांनी जिंकली. पोटनिवडणुकीत निवडून आलेला सदस्य उरलेल्या मुदतीपुरता सभागृहात बसतो, पण त्याची निवड ही पूर्ण निवड असते. त्यामुळे ११ च्या गणतीत ती धरली जाते आणि धरलीच पाहिजे. सार्वत्रिक निवडणुकांपुरतेच बोलायचे असेल तर आकडा १० येतो. दोन वेगवेगळ्या लेखांत दोन वेगळे आकडे वाचून गोंधळलेल्या वाचकांनी लेखकाने काय मोजले आहे ते आधी पाहावे.

आणीबाणीमुळे त्या विधानसभेची मुदत वाढली आणि पुढची निवडणूक १९७८ साली झाली. उरलेल्या मुदतीसाठी निवडून आलेल्या गणपतरावांना म्हणूनच जवळजवळ चार वर्षे मिळाली. १९७२ चा तो भीषण दुष्काळ मात्र ते सभागृहाबाहेर असतानाच पडला.

८. ११ वेळा निवडून येणे हा देशातला विक्रम आहे का?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर विधानसभेवर एकाच मतदारसंघातून ११ वेळा निवडून येण्याचा मान त्यांचाच. देशपातळीवर तसे म्हणता येत नाही. केरळचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात १३ वेळा निवडून आले. तमिळनाडूचे एम. करुणानिधीही १३ वेळा विधानसभेवर निवडून आले, परंतु त्यांनी मतदारसंघ बदलले. केरळचेच ओमन चंडी पुथुप्पल्लीतून १२ वेळा विजयी झाले.

अनेक बातम्यांमध्ये ‘देशातील विक्रम’ असे शब्द येतात आणि सांगोल्यातील माणसाला ते वाचून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तरीही लिहिताना ‘राज्यातील’ असेच लिहावे. गणपतरावांनी हे विजय एकाच पक्षाकडून आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसून मिळवले, ही बाब आम्हाला संख्येपेक्षा अधिक लक्षणीय वाटते (प्रश्न ११ पाहा).

९. सांगोला हा शेकापचा बालेकिल्ला म्हणतात. मग तेथे चुरस होतच नसेल ना?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांमागचा हा सर्वांत मोठा गैरसमज आहे आणि तो दूर करायला चार आकडे पुरेसे आहेत.

१९९५ साली शहाजीबापू पाटील जिंकले ते १९२ मतांनी. संपूर्ण तालुक्यात १९२ मते म्हणजे एखाद्या मोठ्या वाडीतील मतदारांची यादीसुद्धा त्याहून लांब असते. त्यानंतर हेच दोन प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा समोरासमोर आले. २०१४ मध्ये राज्यात चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढत असताना गणपतरावांना ९४,३७४ आणि शिवसेनेच्या शहाजीबापूंना ६९,१५० मते पडली, फरक २५,२२४. २०१९ मध्ये वयोमानामुळे गणपतराव रिंगणात नव्हते आणि शेकापने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभे केले. २४ ऑक्टोबर २०१९ च्या मतमोजणीत शहाजीबापूंना ९९,४६४ आणि डॉ. अनिकेत यांना ९८,६९६ मते मिळाली. फरक होता ७६८ मतांचा. २०२४ मध्ये डॉ. बाबासाहेब देशमुख यांना १,१६,२५६ आणि शहाजीबापूंना ९०,८७० मते मिळून फरक २५,३८६ वर गेला.

२०१४ आणि २०२४ चे फरक जवळजवळ सारखे आहेत आणि त्या दोहोंच्या मधे ७६८ मतांची निवडणूक आहे. यावरून बालेकिल्ला हा शब्द किती जपून वापरायला हवा ते कळते. येथे शेकापच्या पाठीशी एक मोठा, निष्ठावंत मतदारवर्ग आहे, तसाच त्या पक्षाला मत न देणाराही तेवढाच जुना आणि चिवट वर्ग आहे. १९७२ मध्ये काँग्रेसच्या, १९९५ मध्ये पुन्हा काँग्रेसच्या आणि २०१९ मध्ये शिवसेनेच्या पाठीशी तो उभा राहिला. चिन्हे बदलली, पण वर्ग बव्हंशी तोच राहिला.

२०१९ च्या त्या दिवशी दुपारपर्यंत सांगोल्याच्या चौकात कोणाच्याच हातात गुलाल नव्हता. पिशव्या आणलेल्या होत्या, पण त्या गाडीच्या डिकीत होत्या. दर फेरीनंतर एक गट मोबाइलवर आकडा पाहून गप्प होई आणि दुसरा बोलू लागे, आणि पुढच्या फेरीला हेच उलटे घडे. निकाल लागल्यावरही बराच वेळ लोक कागदावर बेरजा करत उभे होते.

१०. इतक्या थोड्या मतांनी हरलेल्या उमेदवाराला फेरमोजणी आपोआप मिळते का?

मिळत नाही. शेवटच्या फेरीची बेरीज जाहीर झाल्यावर आणि निकाल घोषित होण्यापूर्वी उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने लेखी अर्ज करून कारणे द्यावी लागतात. तो अर्ज पूर्णतः किंवा अंशतः मान्य करण्याचा अथवा फेटाळण्याचा निर्णय निवडणूक निर्णय अधिकारी कारणांसह देतो. फरक कमी आहे एवढे एकच कारण पुरेसे ठरेल याची खात्री नसते. बाद ठरवलेल्या टपाली मतांची संख्या विजयाच्या फरकापेक्षा जास्त असेल, तर मात्र ती बाद मते पुन्हा तपासली जातात. दोन उमेदवारांची मते अगदी समान झाली तर चिठ्ठी टाकून निर्णय होतो.

निकाल घोषित झाल्यानंतर फेरमोजणीचा मार्ग बंद होतो आणि उरते ती उच्च न्यायालयातील निवडणूक याचिका. तिची मुदत ४५ दिवसांची आहे. याखेरीज एप्रिल २०२४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर ७ दिवसांत अर्ज करून आणि खर्च भरून मतदारसंघातील ५ टक्के मतदान यंत्रांच्या तपासणीची मागणी करता येते. १९९५ मध्ये कागदी मतपत्रिका होत्या, २०१९ मध्ये यंत्रे होती. त्यामुळे १९२ आणि ७६८ या दोन निकालांची मोजणी वेगवेगळ्या पद्धतीने झालेली आहे, हे तुलना करताना विसरू नये.

११. शेकाप राज्यात जवळजवळ संपला, मग सांगोल्यातच कसा टिकला? आणि गणपतराव कधी मंत्री होते का?

शेतकरी कामगार पक्षाची स्थापना १९४७ साली शंकरराव मोरे, केशवराव जेधे आदी नेत्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून केली. पहिल्या दोन दशकांत तो राज्यातील प्रमुख विरोधी पक्ष होता. पुढे तो आकसत गेला आणि मुख्यतः रायगड व सांगोला येथे उरला. २०१९ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा ही त्याची एकमेव जागा होती, २०२४ मध्ये सांगोला ही एकमेव जागा आहे.

टिकण्याची कारणे आमच्या मते तीन आहेत. पहिले, सत्ता नसतानाही लोकांच्या हाताला काम देणाऱ्या संस्था येथे उभ्या राहिल्या. शेतकरी सहकारी सूतगिरणी हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले नाव. दुसरे कारण सामाजिक आहे आणि ते टाळून चालणार नाही. या भागात धनगर समाज मोठ्या संख्येने आहे, गणपतराव त्या समाजातले होते, आणि मेंढपाळ व कोरडवाहू शेतकऱ्याला त्यांच्या रूपाने आपला माणूस विधानसभेत दिसला. अर्थात केवळ जातीच्या आधारावर ११ निवडणुका जिंकता येत नाहीत. मराठा, दलित, मुस्लिम, माळी अशा सर्व समाजांतून त्यांना मते पडत आली. तिसरे कारण ते स्वतः. मोहोळ तालुक्यातील पेनूरचे हे वकिलीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ एसटीने प्रवास करत, आमदार निवासात साधेपणाने राहत आणि सभागृहात तयारीनिशी बोलत. ३० जुलै २०२१ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, सोलापुरात त्यांचे निधन झाले.

मंत्रिपद त्यांना दोनदा मिळाले: १९७८ मध्ये शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ नंतरच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारात, ज्यात शेकाप सहभागी होता. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. उरलेला सारा काळ ते विरोधी बाकांवरच होते. ‘विरोधातला आमदार काय कामाचा’ असे विचारणाऱ्या वाचकांना आम्ही पुढचे उत्तर वाचायला सांगतो.

१२. सांगोल्याची प्रत्येक निवडणूक पाण्यावरच का होते?

कारण येथे पाण्यावाचून दुसरे काही उभे राहत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने पाऊस थोडा आणि बेभरवशाचा असतो. बुद्धेहाळसारखा तलाव भरला की आसपासच्या गावांत ती बातमी होते. कमी पाण्यात येणारे पीक म्हणून येथील शेतकऱ्याने डाळिंब धरले आणि माळरानावर बागा उभ्या केल्या. प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे, त्याच्या तळाशी उरलेले हातभर हिरवट पाणी, आणि बांधावर उभा असलेला टँकर. मे महिन्यात सांगोला-आटपाडी रस्त्याने जाणाऱ्याला हे दृश्य ठिकठिकाणी दिसेल. बाग वाचवण्यासाठी विकतचे पाणी घालणारा शेतकरी मत मागायला आलेल्याला पहिला प्रश्न कालव्याचा विचारतो. तेल्या रोगाने आणि खोडकिडीने बागा काढाव्या लागल्या, तेव्हाही शेतकरी आमदाराच्या दारी गेला तो नुकसानभरपाईसाठी, आणि परत येताना पाण्याचा विषय काढूनच आला.

सांगोल्याच्या वाट्याला येणारे पाणी चार दिशांनी येते आणि प्रत्येकाचा वेगळा इतिहास आहे. नीरा उजव्या कालव्याचे पाणी शेपटाकडच्या भागाला मिळते, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याचे दुखणे कोणत्याही कालव्यावर सारखेच असते. कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांच्या दुष्काळी भागात नेणारी टेंभू उपसा सिंचन योजना, मिरज तालुक्यातून निघणारी म्हैसाळ योजना आणि उजनीचे पाणी हे बाकीचे तीन मार्ग. टेंभूचे पाणी माणदेशापर्यंत पोचले त्यामागे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत भरणारी दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद होती, आणि गणपतराव तिच्या अग्रभागी होते. सरकारात नसलेल्या माणसांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून, सभागृहात प्रश्न विचारून आणि निधीच्या तरतुदी मागून ही कामे पुढे ढकलत नेली. शहाजीबापू पाटील यांच्या कार्यकाळात उजनीच्या पाण्यावरील सांगोला उपसा सिंचन योजनेला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देऊन मान्यता मिळाली, हेही नोंदवणे न्यायाचे आहे. पाणी कोणी आणले यावर गावागावांत वाद झडतात. योजनांचे आयुष्य कोणत्याही एका आमदाराच्या मुदतीपेक्षा मोठे असल्याने श्रेय एकाच नावावर लिहिणे आम्हाला पटत नाही.

बागांचे फळ काय देते, याचे एक उदाहरण देतो. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील १०० वी किसान रेल्वे (शेतमाल वाहून नेणारी गाडी) सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधील शालिमारकडे. उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले.

१३. ‘काय झाडी, काय डोंगार’वाले आमदार येथलेच ना? पक्ष सोडूनही ते अपात्र का ठरले नाहीत?

होय. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेलेल्या शिवसेना आमदारांत शहाजीबापू पाटील होते आणि एका कार्यकर्त्याशी त्यांनी फोनवर केलेले ते माणदेशी बोलीतील वर्णन राज्यभर पोचले. सांगोल्याच्या बोलीची ओळख महाराष्ट्राला त्यातून झाली. अनेकदा हरूनही मैदान न सोडणाऱ्या एका नेत्याची ओळख मात्र त्या एका वाक्यापुरती राहू नये असे आम्हाला मनापासून वाटते.

अपात्रतेबद्दल सांगायचे तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार स्वेच्छेने पक्ष सोडणारा किंवा पक्षादेश मोडणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, आणि त्याचा निर्णय विधानसभा अध्यक्ष देतात. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेना हे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाला दिले. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हाच मूळ राजकीय पक्ष असल्याचे ठरवून दोन्ही बाजूंच्या अपात्रता याचिका फेटाळल्या. त्यामुळे सांगोल्याची जागा रिकामी झाली नाही आणि पोटनिवडणूकही झाली नाही.

१४. २०२४ मध्ये शेकाप आणि ठाकरे गट एकाच आघाडीत असताना दोघांचेही उमेदवार कसे होते?

जागावाटपात सांगोल्याचा तिढा सुटला नाही. शेकापने आपली परंपरागत जागा म्हणून डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उभे केले, तर मागच्या निवडणुकीत ही जागा शिवसेनेने जिंकली होती या आधारावर ठाकरे गटाने विधान परिषदेचे माजी सदस्य दीपक साळुंखे-पाटील यांना उमेदवारी दिली. महायुतीकडून शिंदे गटाचे शहाजीबापू पाटील होते. तिरंगी लढतीत साळुंखे-पाटील यांना ५० हजारांच्या पुढे मते पडली. ही मते कोणाची कापली यावर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते आजही वेगवेगळा हिशेब मांडतात. मतपेटीतून एवढेच कळते की दुभंगलेल्या लढतीतही शेकापची मते २०१९ च्या तुलनेत साडेसतरा हजारांनी वाढली आणि शहाजीबापूंची साडेआठ हजारांनी घटली.

१५. लोकसभेला आम्ही कोणत्या मतदारसंघात? पूर्वी पंढरपूर होते ना?

२००९ पासून सांगोला माढा लोकसभा मतदारसंघात आहे. करमाळा, माढा, माळशिरस आणि सातारा जिल्ह्यातील फलटण व माण हे त्यातील इतर पाच विधानसभा मतदारसंघ. २००९ मध्ये येथून शरद पवार, २०१४ मध्ये विजयसिंह मोहिते-पाटील, २०१९ मध्ये रणजितसिंह नाईक-निंबाळकर आणि २०२४ मध्ये धैर्यशील मोहिते-पाटील निवडून आले. त्यापूर्वी सांगोला पंढरपूर या राखीव लोकसभा मतदारसंघात होते. संदीपान थोरात यांनी तेथून दीर्घकाळ प्रतिनिधित्व केले आणि १९९९ पासून रामदास आठवले तेथील खासदार होते. पुनर्रचनेत ती जागाच संपली.

१६. मी पदवीधर आहे. विधान परिषदेसाठी माझा मतदारसंघ कोणता?

पुणे विभाग पदवीधर मतदारसंघ, ज्यात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. विधानसभेच्या यादीत नाव असले तरी ही नोंदणी वेगळी आणि दर निवडणुकीपूर्वी नव्याने करावी लागते.

१७. १७५० चा ‘सांगोला करार’ याच गावातला का?

होय, तोच सांगोला. छत्रपती शाहू महाराजांच्या निधनानंतर १७५० साली गादीवर आलेल्या रामराजांनी येथे राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांकडे सोपवल्याचा तो प्रसंग. मतदारसंघाशी त्याचा थेट संबंध नाही, पण शाळेत हे नाव वाचलेले वाचक हटकून विचारतात म्हणून येथे नोंदवला.

१८. मतदारसंघाची हद्द पुन्हा कधी बदलणार? भाळवणी परत पंढरपूरला जाईल का?

सध्याची हद्द २००१ च्या जनगणनेच्या आधारे आखलेली आहे. राज्यघटनेतील तरतुदीनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत विधानसभेच्या जागांची फेररचना होत नाही. महाराष्ट्रात १९६२ मध्ये २६४, १९६७ मध्ये २७० आणि १९७८ पासून २८८ जागा आहेत.

भाळवणीबाबत आज निश्चित उत्तर देता येणार नाही, परंतु मार्ग सांगता येतो. पुनर्रचना आयोग आपला मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवतो आणि जाहीर सुनावण्या घेतो. ग्रामसभेचा ठराव, रस्त्याचे अंतर, बाजाराचे गाव, रुग्णालय व महाविद्यालय कोठे आहे यांची माहिती जोडून दिलेली हरकत ही नुसत्या निवेदनापेक्षा वजनदार ठरते. भाळवणी मंडळातील ज्या वाचकांनी प्रश्न ३ विचारला आहे त्यांनी ही कागदपत्रे आतापासून जमवायला हरकत नाही. मसुदा आल्यावर मुदत थोडी असते.